राखणीची पाळी कुणाची?

मुलांनो,

सकाळी दहाच्या सुमाराला बारामती-इंदापूर रस्त्याच्या कडेला उभे राहा. थोड्या थोड्या वेळानं एक तरी ॲपे रिक्षा फटफट करत तुमच्यासमोरून जाईल. कुणी बाजाराला निघालेलं असतं, कुणी दवाखान्यात, कुणी शाळेला. आमच्या शाळेतली वाड्यावस्त्यांवरची सहा-सात मुलंसुद्धा अशाच एका ॲपेतून येतात.

त्यातल्याच चौथीतल्या एका मुलानं एकदा परिपाठ संपल्याबरोबर मला विचारलं, "बाई, अमेरिकेचं आणि युरोपचं भांडण झालं, तर आमच्या पप्पांची कंपनी बंद पडणार का?"

सगळा वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. त्याचे वडील बारामतीच्या एमआयडीसीत कामाला आहेत, जिथे या ॲपे रिक्षा तयार होतात त्या कारखान्यात. कारखाना पियाजिओचा, आणि ही कंपनी मूळची इटलीची. इटली युरोपात. रात्री जेवताना टीव्हीवर त्यानं ऐकलं, की अमेरिका म्हणते, "आता युरोपनं आपलं आपण सांभाळावं." पोरानं आपल्या परीनं हिशोब मांडला आणि रात्रभर काळजी केली.

मी त्याला म्हटलं, "तुझा प्रश्न हसण्यासारखा नाही. उद्या सांगते." घरी येऊन पुस्तकं काढली, नकाशा काढला. त्या प्रश्नाचं उत्तर मी वर्गाला जसं सांगितलं, तसंच आज तुम्हालाही सांगते. नकाशा जवळ घेऊन बसा बरं का!

सुरुवात त्या रिक्षापासूनच करू. 'ॲपे' म्हणजे काय, ठाऊक आहे? इटालियन भाषेत 'आपे' म्हणजे मधमाशी! दिवसभर ओझं वाहणारी, न थकणारी मधमाशी. याच कंपनीच्या स्कूटरचं नाव 'व्हेस्पा', म्हणजे गांधीलमाशी. तिची पुढची-मागची बाजू गोल आणि कंबर बारीक, म्हणून हे नाव. तुमच्या आजोबांकडे बजाजची जुनी स्कूटर असेल, तर तीही या गांधीलमाशीच्याच नात्यातली. १९६० च्या दशकात बजाज कंपनी परवाना घेऊन भारतात व्हेस्पाच तयार करत होती.

पण या दोन माश्या जन्मल्या कशा, ही खरी गंमत आहे. गंमत कसली, दुःखातून निघालेली गोष्ट आहे.

पियाजिओ कंपनी सुरू झाली १८८४ मध्ये, इटलीतल्या जिनोव्हा या बंदराच्या शहरात. आधी जहाजांचं आतलं लाकूडकाम, मग रेल्वेचे डबे, मग विमानं. पिसाचा कललेला मनोरा तुम्ही पुस्तकात पाहिला आहे ना? त्या पिसाजवळ पोंतेदेरा नावाचं गाव आहे. तिथे कंपनीचा मोठा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात तिथे लढाऊ विमानांचं काम चाले. म्हणजे शत्रूचा डोळा त्यावर असणारच. बाँब पडले, कारखाना उद्ध्वस्त झाला.

१९४५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा इटलीत रस्ते फुटलेले, पूल पडलेले, लोकांच्या खिशात पैसा नाही. विमानं आता कोण घेणार? मालक एन्रिको पियाजिओ यांनी ठरवलं, की गरिबाला परवडेल अशी दुचाकी काढायची. काम दिलं कोर्रादिनो दास्कानिओ या इंजिनिअरकडे. हे गृहस्थ विमानांचे आणि हेलिकॉप्टरचे जाणकार. मोटारसायकल त्यांना मुळीच आवडत नसे! कपडे तेलकट होतात, चाक पंक्चर झालं तर काढायला कटकट, ही त्यांची तक्रार. म्हणून त्यांनी इंजिन झाकून टाकलं आणि पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं बसवलं. १९४६ मध्ये व्हेस्पा आली आणि १९४८ मध्ये तीन चाकांची आपे. बाँबफेकी विमानं बनवणारे हात भाजीपाला वाहणारी गाडी बनवू लागले. तीच गाडी १९९९ पासून आपल्या बारामतीत तयार होऊ लागली, आणि २०१२ मध्ये इथे व्हेस्पासुद्धा सुरू झाली.

आता मला सांगा, विमानाच्या कारखान्यातून रिक्षा बाहेर पडायला काय लागतं? हुशारी लागते, मेहनत लागते. पण सगळ्यात आधी लागते शांतता. रात्री डोक्यावर बाँब पडणार नाही, ही खात्री लागते. ती खात्री युरोपला कुणी दिली? इथून आपली खरी गोष्ट सुरू होते.

आणि त्या गोष्टीत आपली माणसंसुद्धा आहेत, बरं का!

दुसऱ्या महायुद्धात भारतीय फौज इटलीत लढली. त्यात आपली मराठा रेजिमेंट होती. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे अवघे २२ वर्षांचे होते. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकीचे जवान पडले, तेव्हा ते एकटेच शत्रूच्या मशिनगनवर धावून गेले. तोफा थंडावल्या, पण ते परत आले नाहीत. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर गोळ्यांच्या वर्षावातून जखमी सोबत्यांना उचलून आणलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. फ्लॉरेन्स शहरातली जगप्रसिद्ध चित्रं युद्धात जळून जाऊ नयेत म्हणून जवळच्या माँतेगुफोनी नावाच्या जुन्या गढीत लपवून ठेवली होती. १९४४ च्या उन्हाळ्यात मराठा जवान त्या गढीत उतरले. बघतात तो काय, भिंतीला टेकवून ठेवलेली शेकडो वर्षांपूर्वीची चित्रं! त्यात बोत्तिचेल्लीचं 'वसंत' हे मोठं चित्रही होतं. मग त्या चित्रांवर पहारा बसला आमच्या मराठी जवानांचा. आज जगभरचे लोक तिकीट काढून ते चित्र पाहायला फ्लॉरेन्सला जातात. एके काळी ते राखायला आपल्याकडच्या शेतकऱ्यांची पोरं जागत उभी होती, हे किती जणांना ठाऊक असेल?

युद्ध संपलं. जवान घरी आले. पण युरोपची भीती संपली नव्हती. पूर्वेला सोव्हिएत रशियाची प्रचंड फौज, आणि पश्चिमेचे देश युद्धानं खंगलेले. रात्र झाली की राखण कोण करणार? तेव्हा ४ एप्रिल १९४९ ला वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी एक करार केला. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, फ्रान्स, इटली, डेन्मार्क वगैरे. हीच 'नाटो'. तिचं सगळ्यात महत्त्वाचं कलम आहे पाचवं. एकावर हल्ला झाला, तर तो सगळ्यांवरच झाला असं समजायचं. आज नाटोत ३२ देश आहेत.

हे नीट कळण्यासाठी माझ्या लहानपणची एक गोष्ट सांगते.

मी तिसरीत असेन. इंदापूर तालुक्यात आमची चौदा घरांची वस्ती. त्या वर्षी विहिरीवरच्या मोटारी आणि केबल चोरीला जायला लागल्या. शेळ्यासुद्धा. वस्तीवर एक मोठे बागायतदार होते. आम्ही सगळी मुलं त्यांना थोरले काका म्हणायचो. त्यांच्याकडे जीप होती, चार गडी होते, लांबवर उजेड पाडणारी मोठी बॅटरी होती आणि दोन कुत्री. काका म्हणाले, "तुम्ही निवांत झोपा. माझी माणसं गस्त घालतील."

झालं! बाकीची तेरा घरं घोरायला लागली. दोन-तीन वर्षं अशीच गेली. चोर फिरकेना. लोक म्हणायचे, "काका आहेत ना!" कुणी घराला दार बसवलं, कुणी गाडी घेतली, पण गस्तीला कुणी गेलं नाही.

मग एका दिवाळीनंतर काका वैतागले. म्हणाले, "रोज माझ्याच माणसांनी का जागायचं? डिझेल माझं, बॅटरी माझी. उद्यापासून प्रत्येक घरातून एक माणूस आला पाहिजे. नाही आलात तर तुमचं तुम्ही बघा." लोकांना राग आला. पण खरं सांगा, काकांचं काय चुकलं होतं?

पुढे मात्र काका आणखी एक वाक्य बोलले. वस्तीच्या कोपऱ्यावर एका विधवा काकूंची विहीर होती. काका म्हणाले, "ती कोपऱ्यावरची विहीर माझ्या नावावर करून द्या. मग मला राखण करायला सोपं जाईल."

वस्ती गप्प झाली. माझी आजी तेवढी बोलली. म्हणाली, "राखणदार पायजे, पर राखणदार मालक व्हाया लागला, तर मग चोर काय वाईट हुता?"

मुलांनो, या गोष्टीचा शेवट नंतर सांगते. आधी युरोपकडे जाऊ, कारण तिथे अगदी हेच चाललं आहे.

काकांची वैतागवाणी तुम्हाला आठवते ना? अमेरिकेची तक्रार तशीच आहे, आणि ती आजची नाही. २०१४ मध्ये नाटोतल्या देशांनी ठरवलं, की प्रत्येकानं दहा वर्षांत आपल्या देशाच्या दर १०० रुपयांच्या उत्पन्नातले निदान २ रुपये संरक्षणावर खर्च करावेत. त्या वर्षी तेवढा खर्च करणारे देश किती होते? जेमतेम तीन! बाकीच्यांनी शाळा बांधल्या, दवाखाने बांधले, रेल्वे धावली. चांगलंच केलं. पण राखणीचा भार मोठ्या प्रमाणात अमेरिकेवरच राहिला. मग २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर मोठा हल्ला केला आणि युरोपची झोप उडाली. वर्षानुवर्षं कुणाच्याच बाजूनं नसलेले फिनलंड आणि स्वीडन हे देशही नाटोत आले, एक २०२३ मध्ये आणि दुसरा २०२४ मध्ये.

२०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी फार रोखठोक भाषा वापरली. २८ फेब्रुवारी २०२५ ला तर युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की आणि ट्रम्प यांची खडाजंगी सगळ्या जगानं टीव्हीवर पाहिली. जून २०२५ मध्ये हेग शहरात नाटोची बैठक झाली. तिथे नवं ठरलं. २०३५ पर्यंत १०० रुपयांतले ५ रुपये. त्यातले साडेतीन थेट सैन्यासाठी आणि दीड पूल, रस्ते, संगणकांची सुरक्षा अशा कामांसाठी.

म्हणजे अमेरिका बरोबर आणि युरोप आळशी, असं म्हणून पुस्तक मिटायचं का? थांबा. दुसरी बाजू ऐका.

पाचवं कलम आजवर फक्त एकदाच वापरलं गेलं. कधी? ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेवर दहशतवादी हल्ला झाला, त्यानंतर. म्हणजे युरोपच्या मदतीसाठी नव्हे, तर अमेरिकेच्या! हाकेला ओ देऊन युरोपचे जवान अफगाणिस्तानात गेले. डेन्मार्क हा किती चिमुकला देश! आपल्या पुणे जिल्ह्याहूनही त्याची लोकसंख्या कमी. त्याचेही चाळीसहून जास्त जवान तिथे कामी आले.

आणि त्याच डेन्मार्कच्या राज्यातलं ग्रीनलंड हे बर्फाचं प्रचंड बेट ट्रम्प यांना हवं आहे. नकाशात बघा, अमेरिका आणि युरोप यांच्या मध्ये, वरच्या अंगाला. त्यांचं म्हणणं असं, की आमच्या सुरक्षेसाठी ते गरजेचं आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्यांना विचारलं, की त्यासाठी बळाचा वापर करणार नाही असं वचन द्याल का? त्यांनी वचन दिलं नाही. जानेवारी २०२६ मध्ये तर डेन्मार्कसह आठ युरोपीय देशांच्या मालावर जादा कर बसवण्याची धमकी दिली, आणि काही दिवसांनी मागे घेतली. धमकी मागे घेता येते. पण मित्राच्या मनात एकदा किंतु आला की तो लवकर जात नाही, हे तुम्हाला मधल्या सुट्टीतल्या भांडणांवरून ठाऊक आहेच!

कोपऱ्यावरची विहीर आठवली ना?

तशी ही भांडणं नवी नाहीत. १९५६ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सनं सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर हल्ला केला, तेव्हा अमेरिकेनंच त्यांना दटावून मागे फिरायला लावलं. १९६६ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी आपलं सैन्य नाटोच्या हुकमतीतून काढून घेतलं. नाटोचं मुख्यालय पॅरिसहून ब्रुसेल्सला हलवावं लागलं. फ्रान्स पुरता परत आला २००९ मध्ये. तरीही घर मोडलं नाही. भांड्याला भांडं लागतंच. फरक एवढाच, की पूर्वी भांडण राखण कशी करायची यावर व्हायचं. आता प्रश्न असा पडला आहे, की गरज पडली तर राखणदार येईल का?

आता तुम्ही म्हणाल, "बाई, आजींचं ते वाक्य फारच कडक होतं. राखणदार कधी मालक होतो का?" होतो, मुलांनो. आणि ते पाहायला युरोपात जायला नको. बारामतीतच थांबू.

१८०२ सालचा ऑक्टोबर महिना. यशवंतराव होळकरांच्या फौजा बारामतीवरून पुण्याच्या दिशेनं सरकत होत्या. २५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, हडपसरला लढाई झाली. पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा हरल्या. बघा हं, होळकर, शिंदे आणि पेशवे हे सगळे एकाच घरचे! दुसरे बाजीराव कोकणात पळाले आणि तिथून इंग्रजांच्या आश्रयाला वसईला गेले. तिथे ३१ डिसेंबर १८०२ ला त्यांनी तह केला. इंग्रजांची निदान ६,००० पायदळाची फौज पेशव्यांच्या राखणीला राहणार. तिला म्हणत तैनाती फौज. तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख इंग्रजांना द्यायचा. आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कुठल्या सत्तेशी बोलणं करायचं नाही!

बाजीरावांना पुण्याची गादी परत मिळाली. पण पंधरा-सोळा वर्षांतच, १८१८ मध्ये, राज्य गेलं. बाजीरावांना वर्षाला ८ लाखांची पेन्शन देऊन दूर बिठूरला पाठवलं. राखणदार मालक झाला होता. आणि म्हणूनच, १९४४ मध्ये यशवंत घाडगे इटलीत लढले ते इंग्रजांच्या झेंड्याखाली. दुसऱ्याच्या घराची राखण करताना आपलंच घर आपल्या ताब्यात नव्हतं.

नाटो म्हणजे तैनाती फौज नव्हे, हेही लक्षात घ्या. नाही तर परीक्षेत घोटाळा कराल! नाटोत देश आपल्या मर्जीनं येतात, निर्णय सगळ्यांच्या संमतीनं होतात, आणि कुणाचं राज्य खालसा होत नाही. पण वसईच्या तहातून एक गोष्ट मात्र शिकता येते. ज्यानं आपल्या दाराची कडी स्वतः लावायची सवय सोडली, त्याला दुसऱ्याच्या अटी ऐकाव्या लागतात. आज युरोप ही सवय पुन्हा लावून घेतो आहे. उशिरा, धडपडत, पण लावतो आहे.

"पण बाई, हे सगळं आपल्याला काय करायचं आहे?" असा प्रश्न मागच्या बाकावरून आलाच! तर बघा. आपल्या बारामती-इंदापूरकडची द्राक्षं न्हावाशेवा बंदरातून जहाजानं युरोपला जातात. थंडगार कंटेनरमध्ये, तांबड्या समुद्रातून, सुएझ कालव्यातून. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी त्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. मग जहाजं अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. दहा-बारा दिवस जास्त! भाडं वाढलं, आणि द्राक्ष काही वाट बघत बसत नाही. त्या समुद्राची राखण करायला अमेरिकेनं डिसेंबर २०२३ मध्ये एक मोहीम काढली, आणि युरोपीय संघानं फेब्रुवारी २०२४ मध्ये आपली वेगळी. एकाच रानात राखणीच्या दोन टोळ्या! त्यांचं आपसात जमतं का नाही, याचा परिणाम आपल्या बागेतल्या घडापर्यंत येतो, तो असा.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. मी त्याला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "अमेरिका आणि युरोप नुसते भांडले म्हणून तुझ्या पप्पांचा कारखाना बंद पडत नाही. ती गाडी इथे बनते, आपली माणसं बनवतात आणि आपल्या रस्त्यांवर धावते. तू रात्री झोप. पण तुझी काळजी वेडेपणाची नाही. त्या कंपनीचा जुना कारखाना एकदा युद्धानं बेचिराख झाला होता. शांतता असली तर कारखान्यातून रिक्षा बाहेर पडते, नसली तर बाँबफेकी विमान. म्हणून लांबच्या भांडणाकडेही लक्ष ठेवायचं."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "बाई, तुमच्या वस्तीवरच्या काकांचं काय झालं?"

हां, तेवढं राहिलंच! काकांचा आणि वस्तीचा पंधरा दिवस अबोला झाला. त्या पंधरा दिवसांत कुणीच गस्तीला गेलं नाही, आणि दोन मोटारी गेल्या. त्यातली एक काकांची होती! मग मारुतीच्या देवळात बैठक झाली. प्रत्येक घरानं पाळी घ्यायची ठरली. ज्या घरी पुरुष माणूस नाही, त्या घरानं चहा करायचा. बॅटरीच्या मसाल्याला सगळ्यांनी वर्गणी काढली. विहिरीचं मात्र कुणीच कबूल केलं नाही. तेरा घरं एका सुरात म्हणाली, "विहीर काकूंची आहे, काकूंचीच राहील." काका थोडे दिवस घुश्शात होते. मग एका रात्री आपली बॅटरी घेऊन स्वतःच आले.

आमच्या घराची पहिली पाळी आली, तेव्हा मी हट्ट करून वडिलांबरोबर गेले. कंदील माझ्या हातात होता. थंडीनं दात वाजत होते आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. पण इतके दिवस कुत्री भुंकली की मी पांघरुणात तोंड खुपसायची. त्या रात्री मात्र कुत्री भुंकली, तशी मी कंदील वर धरून त्या बाजूला बघितलं.

आता तुमचं काम. नकाशात पोंतेदेरा, ब्रुसेल्स, ग्रीनलंड, सुएझ आणि वसई शोधा. पोंतेदेरा लहान आहे, पिसा आणि फ्लॉरेन्सच्या मध्ये बघा. मग आजोबांना किंवा आजीला विचारा, की तुमच्या गावात राखण कोण करायचं, पाळी कशी ठरायची आणि त्यावरून भांडण झालं तर कोण मिटवायचं. जे सांगतील ते वहीत लिहून आम्हाला पाठवा. आईबाबांनो, लिहिताना तुम्हीही जवळ बसा. तुम्हालाही पुष्कळ आठवेल.

भेटू पुढच्या आठवड्यात!

तुमच्या,
बाई